तुर्की कामगार आणि कर्तव्यभावना

मनुष्य आपले काम कोणत्या भावनेने करतो, हे केवळ वेतन व नियम यांवरून ठरत नाही. समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या समजुतीही त्यास वळण देतात. तुर्कस्तान हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

तेराव्या शतकात अनातोलियातील कारागीर ‘आही’ नामक बंधुसंघांत एकत्र येऊ लागले. किर्शेहिर येथील आही एव्रान या कातडी कमावणाऱ्या कारागिरास त्यांचा आद्य पुरुष मानतात. शिकाऊ मुलगा तो ‘चिराक’, त्यावरचा ‘काल्फा’ व निष्णात तो ‘उस्ता’. वरची पायरी गाठणाऱ्याच्या कमरेस समारंभपूर्वक पट्टा बांधीत. उस्ता हस्तकौशल्याबरोबर सचोटीही शिकवी; चिराकाने त्यास पित्यासमान मानावे, अशी अपेक्षा असे.

या नीतीचा गाभा दोन शब्दांत सापडतो. ‘एमानेत’ म्हणजे विश्वासाने सोपविलेली वस्तू. आपला ‘अनामत’ हा शब्द त्याच अरबी मुळातला आहे. ‘कुल हाक्की’ म्हणजे दुसऱ्या माणसाचा आपल्यावरील हक्क. तो बुडविल्यास ज्याचा त्यानेच क्षमा केली पाहिजे, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच नोकरी सोडताना सहकाऱ्यांजवळ ‘आपला हक्क मला हलाल करा’ असे म्हणण्याची रीत आजही आढळते.

परंतु वरिष्ठास पिता मानले, म्हणजे त्याची चूक दाखविणे अवघड होते. त्यात दैववादाची भर पडली, तर टाळता येण्याजोगे संकटही विधिलिखित वाटू लागते. दि. १३ मे २०१४ रोजी सोमा येथील कोळशाच्या खाणीत ३०१ कामगार मृत्युमुखी पडले. असे अपघात या कामाच्या स्वभावातच असतात, अशा आशयाचे उद्गार तत्कालीन पंतप्रधान एर्दोआन यांनी काढले, तेव्हा त्यांवर देशातच तीव्र टीका झाली.

या टीकेस परंपरेचाही आधार होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘आधी गाढव भक्कम खुंट्यास बांध, मग ईश्वरावर सोपव’, अशा अर्थाची म्हण तुर्कांतच प्रचलित आहे. कामगाराकडे सोपविलेले काम ही जर एमानेत, तर मालकाच्या हाती सोपविलेला कामगाराचा जीव ही त्याहून मोठी एमानेत होय. कर्तव्याचे हे बंधन उभयपक्षी पाळले जाते, तेथेच ती जुनी श्रद्धा सार्थ ठरते.