अभ्यास दौऱ्याच्या गाडीत कोण बसते?

सहकारात 'अभ्यास दौरा' हा शब्द नवा नाही. गाळप हंगाम आटोपला की गाडी निघते. कधी पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, कधी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कधी ठिबकवर ऊस घेणाऱ्या एखाद्या बागायतदाराचा मळा. सभासद चार गोष्टी पाहतात, नव्या बेण्याची चौकशी करतात, येता येता देवदर्शनही उरकतात. यात वावगे काही नाही. पण त्या गाडीत बाया किती असतात, हे एकदा मोजून पाहावे असे आम्हांस वाटते. कारण दौरा कसा करावा आणि त्यातून काय आणावे, याचा धडा आपल्याच जिल्ह्यातल्या बायांनी घालून दिला आहे. तो सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणाला आठवत नाही? गणपती बोळवून माणसे नुकती आडवी झाली होती. चारच्या सुमारास जमीन हादरली आणि सास्तूर, किल्लारीसह लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे बसली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. जे घर उन्हापासून राखायचे, तेच अंगावर आले. सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

याखेरीज तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्तीचे काम हजाराहून अधिक गावांत निघाले. ते ज्याचे त्याने सरकारी मदतीतून करून घ्यायचे होते. पैसा हप्त्याने यायचा, साहेब लोक तालुक्याला, आणि भिंतीत आरपार दगड कशाला घालायचा, माळवदाची माती कमी का करायची, हे गावात सांगणार कोण? तेव्हा गावोगावच्या बायांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्या कामात होती. डोईवरचा पदर सावरत बाया कामावर उभ्या राहिल्या, गवंड्याला सवाल करू लागल्या, हप्त्याचा हिशेब मागू लागल्या. पुढे त्यांचेच बचत गट झाले.

दौऱ्यांची गोष्ट इथून सुरू होते. १७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, सतरा हजारांवर बळी गेले. त्यानंतर तिथल्या आणि आपल्याकडच्या भूकंपग्रस्त बायांचे एकमेकींकडे जाणे-येणे झाले. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया गुजरातेत गेल्या. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा हाच अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कामी आला. मदतीचे ट्रक तर सगळेच पाठवतात. या बायांनी नेला तो अनुभव. घराचे काम चालू असताना आपण उभे राहायचे, पैसा कुठून किती येतो ते विचारायचे, एकटीने न जाता गटाने जायचे. ज्याचे घर पडले आहे त्याला साहेबाच्या भाषणापेक्षा, घर पडून पुन्हा उभे केलेल्या बाईचे दोन शब्द अधिक पटतात. दुभाष्या मध्ये असला तरी पटतात.

हे नाते पुढे पार मध्य अमेरिकेपर्यंत पोचले. तळागाळातल्या बायांच्या संघटनांचे 'ग्रूट्स इंटरनॅशनल' नावाचे जगभरचे जाळे आहे. त्यात आपल्याकडची स्वयं शिक्षण प्रयोग आली, तशीच होंडुरास देशातली गारिफुना बायांची आपत्कालीन समितीही आली. हे गारिफुना लोक म्हणजे आफ्रिकी आणि कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी यांच्या मिश्र वंशाचे. १७९७ मध्ये इंग्रजांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकलून होंडुरासजवळच्या बेटावर नेऊन टाकले. तिथून ते किनाऱ्याने पसरले. मासेमारी आणि कंदमुळांची शेती हा त्यांचा चरितार्थ.

ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस 'मिच' नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्यापाशी येऊन रेंगाळले. अतोनात पाऊस पडला, डोंगर घसरले. मध्य अमेरिकेत दहा हजारांवर माणसे दगावली. आडबाजूच्या गारिफुना वस्त्यांना मदत पोचायला वेळ लागला. मग बायांनीच समिती केली, घरे दुरुस्त केली, बियाणे व अवजारे वाटली, वाहून गेलेली कंदांची शेती पुन्हा लावली.

त्यांचे मुख्य अन्न कसावा. ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, तोच हा. त्याचा कडू प्रकार विषारी असतो. बाया तो किसतात, विणलेल्या लांब पिशवीत घालून पिळून विषारी रस काढतात आणि उरलेल्या पिठाची भाकरीसारखी मोठी पोळी तव्यावर भाजतात. हे काम एकटीचे नव्हे, चारचौघींनी मिळून करायचे. तिकडच्या किनाऱ्यावर तेलताडाचे मळे वाढत गेले आणि गारिफुनांच्या जमिनींवर त्यांचे आक्रमण झाले. म्हणून घरचे खाण्याचे पीक राखणे हा तिथे नुसता चुलीचा विषय राहिलेला नाही, तो जमीन टिकवण्याचा विषय झाला आहे.

सभासद म्हणतील, होंडुरासचे आम्हांला काय? तर ऐका. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात आपला ऊस उभा वाळला. मराठवाड्यात अनेक कारखान्यांना गाळपापुरता ऊस मिळेना. ज्यांच्या सगळ्या रानात एकच पीक, त्यांना ज्वारी, डाळ, भाजी सारे बाजारातून आणावे लागले, तेही हातात पैसा नसताना. त्याच काळात आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक बायांनी घरच्या रानातला एक एकर मागून घेतला. थोड्या पाण्यावर ज्वारी, तूर, मूग आणि भाजीपाला अशी वीसेक पिके शेणखतावर घेतली. याला लोक 'एक एकर मॉडेल' म्हणतात. आधी घरापुरते, उरले तर बाजारात. २०१६ मध्ये स्वयं शिक्षण प्रयोगला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' मिळाले. गारिफुना बाईचा कसावा आणि आपल्या बाईचा एक एकर यांत समुद्र आडवा असला तरी गोष्ट एकच आहे.

ऊस हे आपले नगदी पीक आहे, कारखाना त्यावर चालतो, आणि आम्ही ऊस सोडा असे म्हणत नाही. पण रान सगळे उसाला आणि चूल सगळी बाजाराला, ही रीत धोक्याची आहे, एवढे मात्र निक्षून सांगतो.

आता दौऱ्याविषयी. भूकंपानंतर आपल्याकडे पाहुण्यांची रीघ लागली होती. हार झाले, फोटो निघाले आणि पुष्कळसे पाहुणे आले तसे गेले. बायांच्या देवाणघेवाणीत तसे नव्हते, कारण जाणारी आणि बोलावणारी दोघी एका पंक्तीतल्या. एक दाता आणि दुसरी याचक असा मामला नव्हता. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. दौऱ्याच्या निम्म्या जागा सभासदांच्या घरच्या बायांना असाव्यात. खुरपणी त्या करतात, पीक त्यांना आधी कळते. जिथे जाल तिथे नुसते पाहू नका, आपला अनुभवही सांगा. आणि परत आल्यावर ज्याने-त्याने गावच्या बैठकीत, ग्रामसभेत उभे राहून काय पाहिले ते बोलावे. न बोलणाऱ्याला पुढच्या वर्षी जागा नाही.

दूर जायला पैसा लागतो, हे खरे. पण सास्तूरला जायला बसचे तिकीट पुरते. तिथल्या बायांकडे सांगण्यासारखे अजून पुष्कळ आहे. पुढच्या दौऱ्याची आखणी करताना सभासदांनी आणि संचालक मंडळाने याचा विचार करावा, ही विनंती.