विश्लेषण : डेव्हलपरकडे चालणारे ॲप तुमच्या फोनवर का बंद पडते?

अर्जाची शेवटची तारीख असते, सगळी माहिती भरून झालेली असते आणि नेमके 'सबमिट' दाबताच ॲप बंद पडते. तक्रार केली, तर 'आमच्याकडे तर व्यवस्थित चालते' असे उत्तर येते. हे उत्तर बहुतेक वेळा खोटे नसते, पण त्यातून काही साध्यही होत नाही. कारण दोष अनेकदा डेव्हलपरचे यंत्र आणि वापरकर्त्याचे यंत्र यांच्यातील फरकात दडलेला असतो. हा फरक कसा शोधतात, मोबाइल आणि संगणकावरील ॲप्समध्ये नेहमी आढळणारे दोष कोणते आणि मराठी वापरकर्त्यांच्याच वाट्याला येणारे दोष कोणते, हे समजून घेऊ.

'आमच्याकडे चालते' म्हणजे नेमके काय?

डेव्हलपरकडे बहुधा भरपूर मेमरीचा फोन, वेगवान वायफाय आणि इंग्रजी भाषेची सेटिंग असते. चाचणीसाठी नोंदीही पाच-दहाच असतात. वापरकर्त्याच्या फोनमध्ये जागा संपत आलेली असते, अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असते, नेटवर्क येत-जात असते आणि बॅटरी वाचवण्याची सेटिंग पार्श्वभूमीवर चालणारी कामे बंद करत असते.

एक नेहमीचे उदाहरण पाहा. अर्ज भरताना फोटो काढण्यासाठी ॲपमधून कॅमेरा उघडला जातो. कमी मेमरीच्या फोनमध्ये कॅमेऱ्याला जागा करून देण्यासाठी अँड्रॉइड मागे गेलेले ॲप बंद करून टाकते. फोटो काढून परत आल्यावर ॲप नव्याने सुरू होते आणि भरलेला अर्ज कोरा दिसतो. डेव्हलपरच्या महागड्या फोनवर असे सहसा घडत नाही, त्यामुळे त्याला हा दोष दिसतच नाही. तो मुद्दाम घडवून पाहण्यासाठी अँड्रॉइडच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये मागे गेलेले स्क्रीन लगेच नष्ट करण्याची सोय आहे. ती सुरू करून ॲप तपासले, तर हा दोष पाच मिनिटांत उघडा पडतो. भरलेली माहिती वेळोवेळी फोनमध्येच साठवत राहणे, हा त्यावरचा उपाय.

संगणकावरील ॲप्सचे दुखणे वेगळे कसे?

विंडोजवर ॲप सुरू करताच 'अमुक डीएलएल फाइल सापडत नाही' असा संदेश अनेकांनी पाहिला असेल. ॲपला लागणारी ही फाइल डेव्हलपरच्या संगणकावर प्रोग्रामिंगच्या साधनांसोबत आपोआप आलेली असते. ग्राहकाच्या संगणकावर ती नसते आणि इन्स्टॉलरमध्ये ती घालायची राहून गेलेली असते. अशी फाइल इंटरनेटवरील कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवून घेणे धोक्याचे असते. ती मूळ कंपनीच्या अधिकृत पॅकेजमधूनच घ्यावी.

दुसरा नेहमीचा दोष परवानग्यांचा. डेव्हलपर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करतो. त्याचे ॲप 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्येच नोंदी लिहू पाहते. कार्यालयातील साध्या खात्याला तिथे लिहिण्याची परवानगी नसते आणि ॲप अडते. तिसरा दोष फाइलच्या नावाचा. नावातील अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल, याने विंडोजला सहसा फरक पडत नाही. लिनक्स मात्र त्या दोन वेगळ्या फाइल्स मानते. त्यामुळे विंडोजवर तयार झालेले सॉफ्टवेअर लिनक्स सर्व्हरवर नेताच 'फाइल नाही' म्हणू लागते. चौथा दोष लांबलचक पत्त्यांचा. फोल्डरसह फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांपुढे गेला, की विंडोजवरील अनेक ॲप्स अडखळतात. हे सगळे दोष वेळीच पकडण्याचा मार्ग एकच आहे. काहीही इन्स्टॉल न केलेल्या कोऱ्या संगणकावर किंवा व्हर्च्युअल मशीनवर, साध्या खात्यातून ॲप चालवून पाहणे.

क्रॅश आणि हँग यात फरक काय?

सामान्य वापरकर्त्यासाठी दोन्ही सारखेच, म्हणजे 'ॲप चालत नाही'. दोष शोधणाऱ्यासाठी मात्र हा फरक महत्त्वाचा आहे. क्रॅश म्हणजे ॲपसमोर त्याला हाताळता न येणारी स्थिती आली आणि ते बंद पडले. उदाहरणार्थ, सर्व्हरकडून नाव येईल असे गृहीत धरले होते, पण तो रकाना रिकामा आला. हँग होणे म्हणजे ॲप जिवंत आहे, पण उत्तर देत नाही. स्क्रीन हलवण्याचे काम ज्या मुख्य थ्रेडवर चालते, त्याच थ्रेडवर मोठी फाइल वाचणे किंवा सर्व्हरची वाट पाहणे अशी कामे टाकली, की स्क्रीन गोठतो. वापरकर्त्याच्या स्पर्शाला ॲपने ५ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' असे जाहीर करते.

गुगल प्ले दोन्ही प्रकारांची मोजदाद ठेवते. दिवसभरातील वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून अधिक जणांना क्रॅशचा किंवा ०.४७ टक्क्यांहून अधिक जणांना हँगचा अनुभव आला, तर प्ले स्टोअरवर ते ॲप मागे ढकलले जाऊ शकते. म्हणजे शंभरात एका माणसाची तक्रारही दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

दोष शोधण्याची सुरुवात कुठून होते?

पहिली पायरी म्हणजे दोष पुन्हा घडवून आणणे. कोणत्या क्रमाने, कोणती माहिती भरून, कोणत्या फोनवर ॲप बंद पडते हे नक्की होत नाही, तोवर केलेली प्रत्येक दुरुस्ती हा अंदाज असतो. दोष घडवता आला नाही, तर तो गेला की फक्त लपला हेही सांगता येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे 'स्टॅक ट्रेस' वाचणे. ॲप कोणत्या फाइलमधील कोणत्या ओळीवर थांबले आणि तिथवर कोणकोणत्या टप्प्यांतून पोहोचले, याची ही उतरंड. नवशिके डेव्हलपर लाल अक्षरांतील ती लांबलचक यादी पाहून घाबरतात आणि पहिली ओळ तेवढी सर्चमध्ये टाकतात. अनुभवी माणूस आधी मूळ कारण सांगणारी ओळ शोधतो आणि मग त्याखालची स्वतःच्या कोडमधील पहिली ओळ पाहतो. बहुतेक वेळा वाट तिथूनच सापडते. अँड्रॉइडवर 'लॉगकॅट' आणि विंडोजवर 'इव्हेंट व्ह्यूअर' यांत या नोंदी मिळतात. प्रकाशित ॲपमध्ये कोडमधील नावे आखूड केलेली असतात. त्यामुळे प्रत्येक आवृत्तीसोबत तयार होणारी, मूळ नावे सांगणारी फाइल जपून ठेवावी लागते. ती हरवली, तर क्रॅशची नोंद हाती येऊनही वाचता येत नाही.

कालपर्यंत चालणारे ॲप आज अचानक का बंद पडते?

'मी तर काहीच बदलले नाही' हे डेव्हलपरचे म्हणणेही कधीकधी खरे असते. आजचे कोणतेही ॲप दुसऱ्यांनी लिहिलेल्या अनेक भागांवर उभे असते. मे २०२० मध्ये आयफोनवरील स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर अशी एकमेकांशी संबंध नसलेली ॲप्स उघडताच बंद पडू लागली. या सगळ्यांमध्ये फेसबुकने पुरवलेला एक भाग वापरलेला होता आणि बदल फेसबुकच्या बाजूने झाला होता. जुलैमध्ये पुन्हा तसाच प्रकार घडला. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडवर जीमेलसह अनेक ॲप्स बंद पडली. दोष ॲप्समध्ये नव्हता, तर ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या 'वेबव्ह्यू' या घटकात होता. तो घटक अद्ययावत करताच ॲप्स पूर्ववत झाली.

बदल स्वतःच्याच कोडमध्ये असेल, तर तो शोधण्याची पद्धत शब्दकोशात शब्द शोधण्यासारखी आहे. चालणारी जुनी आवृत्ती आणि बिघडलेली नवी आवृत्ती घ्यायची, बरोबर मधली तपासायची आणि दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते ठरवायचे. 'गिट' या साधनात ही सोय तयारच आहे. एक हजार बदलांमधून दोषी बदल या रीतीने साधारण १० तपासण्यांत सापडतो.

मराठीमुळे ॲप बिघडू शकते का?

मराठीमुळे नव्हे, पण मराठीत चाचणी न केल्यामुळे नक्कीच. फोनची भाषा हिंदी केली, तर आकडे सहसा इंग्रजीच राहतात. मराठी केली, तर अँड्रॉइडच्या भाषाविषयक नियमांनुसार आकडे देवनागरीत येतात. डेव्हलपरने रक्कम किंवा तारीख अक्षरांत रूपांतरित करताना भाषा स्पष्ट केली नाही, तर सर्व्हरकडे '५००' हा आकडा देवनागरीत जातो. सर्व्हरची इंग्रजी आकड्यांचीच अपेक्षा असते आणि तो विनंती नाकारतो. वापरकर्त्याला दिसते फक्त 'काहीतरी चुकले'. माणसाला दाखवायचे आकडे त्याच्या भाषेत आणि यंत्राला पाठवायचे आकडे ठरावीक स्वरूपात, हा नियम पाळला की हा दोष संपतो. तो पकडण्यासाठी फोनची भाषा मराठी करून एकदा ॲप चालवणे पुरेसे असते. तेवढेही अनेकदा होत नाही.

दुसरी अडचण अक्षरांच्या मोजणीची. 'मुंबई' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणक उकार आणि अनुस्वार वेगळे मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ती पाच होतात. साठवताना नेहमीच्या युटीएफ-८ पद्धतीत त्यांना १५ बाइट लागतात. रकान्याची मर्यादा बाइटमध्ये ठरवली असेल, तर इंग्रजीत सहज मावणारे नाव मराठीत अर्धवट तुटते किंवा नोंदच नाकारली जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर तेलुगूतील एका जोडाक्षरामुळे आयफोनवरील मेसेजिंग ॲप्स बंद पडत होती. ॲपलला त्यासाठी ११.२.६ ही आयओएसची आवृत्ती काढावी लागली.

नेटवर्क नसेल तेव्हा काय होते?

राज्यात ई-पीक पाहणीसारख्या ॲपमधून शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचा फोटो आणि नोंद करायची असते. असे ॲप नेटवर्क नेहमी असेल असे गृहीत धरून चालूच शकत नाही. नोंद आधी फोनमध्ये साठवायची आणि रेंज मिळाल्यावर पाठवायची, ही पद्धत इथे आवश्यक ठरते. त्यातही एक खाच आहे. नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण 'मिळाली' हे उत्तर परत येताना रेंज गेली, तर ॲप तीच नोंद पुन्हा पाठवते. पैशांच्या व्यवहारात याचा अर्थ दुहेरी रक्कम असा होऊ शकतो. म्हणून प्रत्येक विनंतीला फोनवरच एक क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनेच उत्तर द्यायचे असते.

एका चुकीचा फटका किती मोठा असू शकतो?

१९ जुलै २०२४ रोजी जगाने ते पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठवले गेले आणि ७८ मिनिटांत मागेही घेतले गेले. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला होता. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने नंतर दिलेल्या कारणानुसार, अपडेटमध्ये २१ रकान्यांचा विचार केला होता आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअर २० रकानेच पुरवत होते. अस्तित्वात नसलेला एकविसावा रकाना वाचायला जाताच संगणक कोसळले. बंद पडलेला संगणक नवे अपडेट घेऊ शकत नव्हता, म्हणून अनेक ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी जाऊन दोषी फाइल काढावी लागली. अपडेट आधी थोड्याच यंत्रांवर सोडून मग टप्प्याटप्प्याने पसरवले असते, तर नुकसान तिथेच थांबले असते. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर दोन्हीकडे छोट्या डेव्हलपरलाही ही टप्प्यांची सोय उपलब्ध आहे.

वापरकर्त्याने काय करावे?

प्रथम ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, फोनमधील मोकळी जागा पाहावी आणि ॲपचे अपडेट तपासावे. त्यानंतर 'क्लिअर कॅशे' करावे. त्याने फक्त तात्पुरत्या फाइल्स जातात. 'क्लिअर डेटा' आणि ॲप काढून पुन्हा टाकणे हे मात्र शेवटचे उपाय. त्याने फोनमध्ये साठवलेल्या, पण सर्व्हरवर न गेलेल्या नोंदीही कायमच्या पुसल्या जाऊ शकतात.

तक्रार करताना 'ॲप चालत नाही' एवढेच लिहू नये. फोनचे मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, फोनची भाषा, नेमकी वेळ, शेवटचे कोणते बटण दाबले आणि स्क्रीनशॉट, एवढे दिले तर डेव्हलपरला तोच दोष स्वतःकडे घडवून पाहता येतो. स्क्रीनशॉटमध्ये खाते किंवा आधार क्रमांक दिसत असल्यास तो झाकावा. तक्रार ॲपमधील किंवा अधिकृत संकेतस्थळावरील पत्त्यावरच करावी. सर्चमध्ये सापडलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावरून कोणी ओटीपी मागितला किंवा दुरुस्तीसाठी म्हणून लिंकवरून ॲप टाकायला सांगितले, तर ती फसवणूक समजावी.