किनाऱ्यावरचे आभाळ आणि हौशी छायाचित्रकार

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या एका लहान बंदरावर सिमेंटची पोती भिजली. पाऊस तासभर आधी दिसत असतानाही टोळीने ताडपत्री ओढली नाही, असा ठेकेदाराचा आरोप होता आणि नुकसान मजुरीतून कापून घ्यावयाचे ठरले होते. टोळीतल्या एका मुलाजवळ त्या दुपारची दोन छायाचित्रे होती. एकात समुद्रावरचे आभाळ स्वच्छ; दुसऱ्यात गोदामाच्या मागून, म्हणजे पूर्वेकडून, काळा ढग डोके काढतो आहे. माणसे समुद्राकडे तोंड करून काम करीत होती आणि पाऊस त्यांच्या पाठीमागून आला, ही आमची बाजू. पण ती चित्रे माझ्या हाती पडली ती तीन-चार मोबाईलांतून फिरून. त्यांच्याबरोबर वेळेची नोंद उरली नव्हती, आणि मूळ मोबाईल मुलाने मध्यंतरी विकून टाकला होता. "हे त्याच दिवसाचे कशावरून?" असे समोरच्याने विचारले तेव्हा मी गप्प बसलो. निम्मी कपात सोसावी लागली.

तेव्हापासून कोणी हौसेने काढलेले आभाळाचे चित्र मला दाखविले की मी आधी तारीख विचारतो, मग वेळ, मग दिशा. पुष्कळांना हा रुक्षपणा वाटतो. सूर्यास्त सुंदर आहे की नाही एवढेच त्यांना पाहावयाचे असते. परंतु ज्याला ढगांचा छंद लागला आहे त्याच्या चित्रात सौंदर्याखेरीज आणखी एक वस्तू असू शकते, ती म्हणजे साक्ष.

तो पाऊस पूर्वेकडून का आला, हे आधी सांगतो. मे महिन्यात सह्याद्री तापतो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा डोंगर चढू लागतो आणि घाटमाथ्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे राशिमेघ वाढू लागतात. त्यांतला एखादा दहा-बारा किलोमीटर उंच चढला की त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. तो गर्जन्मेघ. वरच्या थरांतला वारा पूर्वेकडून असला की हे ढग किनाऱ्याकडे उतरतात. म्हणून मे महिन्यात चौपाटीवर उभे राहणाऱ्याने समुद्राकडे पाठ करून कॅमेरा धरावा. पश्चिमेला सूर्यास्त टिपणाऱ्यांची गर्दी असते, पण त्या दिवसांतले खरे नाटक पाठीमागे चाललेले असते.

मोसमी पाऊस सुरू झाला की सगळे पालटते. मुंबईत त्याच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. तेव्हापासून खालचा वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो आणि करडे ढग समुद्राकडून डोंगराकडे धावतात. एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु जुलैत पाऊस दोन दिवस उघडीप देतो तेव्हा त्या फाटक्या ढगांच्या फटींतून वर पाहावे. फार उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ दिसतात आणि ते उलट, डोंगराकडून समुद्राकडे, चाललेले असतात. एकाच आभाळात दोन वाटा! वर सुमारे चौदा-पंधरा किलोमीटरांवर पूर्वेकडून एक वेगवान वारा वाहत असतो, पी. कोटेश्वरम् या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या मोसमी पावसाच्या यंत्रणेचा तो एक मोठा भाग आहे.

हे पाहण्यास विमान लागत नाही, मोबाईल पुरतो. कठड्यावर तो पक्का टेकवा, तोंड दक्षिणेकडे करा, चौकटीत एखादा माड किंवा दिव्याचा खांब येऊ द्या आणि एक चित्र घ्या. काहीही न हलविता पाच मिनिटांनी दुसरे घ्या. खालचे ढग उजवीकडून डावीकडे गेलेले, बहुधा चौकटीबाहेरच पळालेले दिसतील. वरचे तंतू माडाच्या शेंड्यापासून बोटभर उजवीकडे सरकलेले असतील. ते हळू चालतात असे वाटते ते केवळ दूर असल्यामुळे. एका चित्रावरून ढग कोठे चालला आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सुटे एक चित्र मी अर्धेच समजतो.

हौशी माणसाने यात पडावे काय, असे कोणी विचारील. ढगांना आज जगभर चालणारी नावे ज्याने १८०२ साली दिली तो ल्यूक हॉवर्ड लंडनमध्ये औषधे बनविण्याचा धंदा करीत असे. तंतू, रास आणि थर हे तीन मूळ प्रकार त्याने एका मित्रमंडळापुढच्या व्याख्यानात मांडले; आपल्यासारखीच ती एक सभा! आणि अगदी अलीकडे, २०१७ साली, जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात खवळलेला समुद्र खालून पाहावा तसा दिसणारा 'अ‍ॅस्पेरिटास' हा ढग दाखल झाला, तो मुख्यतः हौशी लोकांनी जमविलेल्या छायाचित्रांच्या जोरावर.

याच्या उलट उदाहरणही आहे. १८५६–५७च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची अप्रतिम चित्रे काढली. त्या काळच्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील असत. समुद्र नीट उतरावा तर आकाश कोरे पांढरे पडे. म्हणून त्याने काही चित्रांसाठी आकाशाची काच वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि दोन्ही एका कागदावर जुळवून छापल्या. एकच आभाळ त्याने दोन निराळ्या समुद्रांवरही बसविले आहे. कला म्हणून मी त्याला नमस्कार करतो; साक्ष म्हणून त्या आभाळाला उभे करता येणार नाही. आजचे मोबाईल आपल्याला न विचारता थोडे असेच करतात, काळा ढग उजळवून देतात. त्यावर एक साधा उपाय असा की पडद्यावर ढगाच्या सर्वांत उजळ भागावर बोट टेकवावे आणि प्रकाश कमी करावा. वाळू काळी पडेल, पडू द्यावी.

नोंद ठेवण्याची रीत सोपी आहे. मूळ चित्र जपावे. पुढे पाठवावयाचे तर नुसते चित्र न पाठविता गाव, तारीख, वेळ आणि दिशा त्याखाली लिहावी. संदेशातून फिरताना आतली नोंद बहुधा गळून पडते. दर पावसाळ्यात जुन्या पुरांची चित्रे 'आजची' म्हणून फिरतात आणि माणसे घाबरून धावतात, ती याच गळतीमुळे.

शक्य असेल तर दोघांनी मिळून काम करावे. २६ जुलै २००५ च्या पावसात चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाणी मोजले गेले. पंचवीसेक किलोमीटरांवरच्या कुलाब्याला केवळ ७३. त्या दुपारी दोन्हीकडून एका वेळी, एकमेकांच्या दिशेने काढलेली चित्रे असती तर त्या ढगाची कड कोठे होती हे आज दाखविता आले असते.

कॅमेऱ्याच्या भिंगावर खारे तुषार बसतात, ते त्याच दिवशी मऊ फडक्याने पुसावेत. पावसाळ्यात भिंगात बुरशी धरते, म्हणून तो ओलावा शोषणाऱ्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवावा. विजेचे चित्र रात्री तिपाईवर, पडदा काही सेकंद उघडा ठेवून मिळते, पण ते घराच्या आतून, खिडकीतून घ्यावे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत; तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला की चौपाटी सोडावी, माडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.