मीडिया प्लेअर सुरू होतो कसा, अडतो कुठे?

टीव्हीला जोडलेला मीडिया प्लेअर बिघडला नाही, तरी काही वर्षांत निरुपयोगी ठरतो. उत्पादक कंपनी सुधारित आवृत्त्या देणे थांबवते, नव्या पद्धतीच्या व्हिडिओ फाईल त्याला उलगडता येत नाहीत आणि सुस्थितीतील यंत्र अडगळीत जाऊन पडते. केबल डिजिटायझेशनचा तिसरा टप्पा नांदेड, लातूरसह देशातील उर्वरित शहरी भागासाठी होता. त्याची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०१४ होती. सेट-टॉप बॉक्सपाठोपाठ इंटरनेटवर चालणारे अँड्रॉइड बॉक्सही घरांत आले. यातील काही बॉक्स मूळ प्रणाली बाजूला ठेवून वेगळ्या फर्मवेअरवर चालवता येतात. मात्र त्यासाठी यंत्र सुरू होताना आत काय घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

फर्मवेअर म्हणजे काय?

यंत्राच्या स्मृतीत कायम साठवलेली आणि त्याचे सुटे भाग चालवणारी प्रणाली म्हणजे फर्मवेअर. उत्पादकाऐवजी स्वयंसेवी प्रोग्रॅमरनी तयार केलेल्या आवृत्तीला 'कस्टम फर्मवेअर' म्हणतात. वेस्टर्न डिजिटलने २००८मध्ये 'डब्ल्यूडी टीव्ही' हा प्लेअर बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासाठीही हौशी मंडळींनी अशी आवृत्ती तयार केली होती. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मलेला 'एक्सबीएमसी' हा प्रोग्रॅम २०१४पासून 'कोडी' या नावाने ओळखला जातो. 'लिब्रेएलेक' आणि 'कोअरएलेक' या लिनक्सवर आधारित प्रणाली त्याच कोडीला थेट यंत्रावर चालवतात. यातील कोअरएलेक केवळ ॲमलॉजिक कंपनीची चिप असलेल्या बॉक्ससाठी आहे. त्यामुळे पहिला प्रश्न बॉक्सवरील नावाचा नसून आतील चिपचा असतो.

चार पायऱ्या

वीज मिळताच चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो 'बूटलोडर'ला शोधतो. बहुतेक बॉक्समध्ये हे काम 'यू-बूट' करतो. यू-बूट लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो आणि कर्नल उर्वरित प्रणाली सुरू करतो. कर्नलला यंत्रात किती स्मृती आहे, कोणती वाय-फाय चिप आहे, हे आपोआप कळत नाही. ती माहिती 'डिव्हाइस ट्री' नावाच्या छोट्या फाईलमध्ये असते. चौकशी खिडकीवरील कारकुनाला कार्यालयाचा नकाशा लागतो, तसाच हा नकाशा आहे.

कार्डावरून सुरुवात

कोअरएलेक चालवण्यासाठी मूळ अँड्रॉइड पुसावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. संगणकावरून प्रणाली एसडी कार्डावर उतरवली जाते. 'डिव्हाइस ट्री' फोल्डरमधील आपल्या बॉक्सची फाईल कार्डाच्या मुख्य जागेत आणून तिला 'डीटीबी.आयएमजी' असे नाव द्यावे लागते. कार्ड बॉक्समध्ये घालून, अनेक बॉक्समध्ये ऑडिओ-व्हिडिओ जोडणीच्या छिद्रात दडलेले रीसेट बटण लाकडी काडीने दाबून धरत वीजपुरवठा सुरू करावयाचा. काडी टोकदार किंवा धातूची नसावी. पहिल्या वेळी यू-बूटच्या सूचना बदलल्या जातात. त्यानंतर कार्ड आत असेल तर नवी प्रणाली आणि काढले तर अँड्रॉइड, असा क्रम राहतो.

पडदा काळाच राहिला तर?

काळा पडदा म्हणजे यंत्र निकामी झाले, असे नव्हे. बहुतेकदा चुकीची डिव्हाइस ट्री फाईल हे त्याचे कारण असते. चित्र आले, पण वाय-फाय दिसत नाही किंवा स्मृती कमी दिसते, तरी संशय तिच्यावरच घ्यावा. सदोष कार्ड किंवा अपूर्ण उतरलेली प्रत हे दुसरे कारण. तरीही उलगडा झाला नाही, तर तंत्रज्ञ मदरबोर्डवरील सिरियल जोडणीतून यू-बूटचे संदेश वाचतात. यंत्र कोणत्या पायरीवर थांबले, हे त्यातून स्पष्ट होते. काही उत्पादक मात्र बूटलोडरला कुलूप लावतात. त्यांची डिजिटल सही नसलेली प्रणाली असा बॉक्स स्वीकारतच नाही.

खरा धोका अंतर्गत स्मृतीवर लिहिताना असतो. बूटलोडर लिहिला जात असताना वीज गेली, तर बॉक्स सुरू होण्याचा मार्गच बंद होऊ शकतो. भारनियमनाचा दीर्घ अनुभव असलेल्या मराठवाड्यात हे वेगळे सांगावयास नको. कार्डावरून समाधानकारक चालत असेल, तर अंतर्गत स्मृतीला हात लावू नये, हे उत्तम. ते करणे भागच असेल, तर यूपीएसशिवाय करू नये.

प्रश्न केवळ हौसेचा नाही

जानेवारी २०२३मध्ये 'टी९५' नावाच्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये विक्रीपूर्वीच घातक प्रोग्रॅम घातलेला आढळला. अशा यंत्रांच्या जाळ्याला संशोधकांनी 'बॅडबॉक्स' हे नाव दिले. त्याच्या नव्या अवताराबाबत अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५मध्ये नागरिकांना सावध केले. असे बॉक्स घरातील इंटरनेट जोडणी परक्या गुन्हेगारांच्या कामासाठी वापरू देतात आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कार्डावरून दुसरी प्रणाली चालते, तेव्हा मूळ अँड्रॉइड सुरू होत नाही. पण ते पुसलेही जात नाही. कार्ड काढताच ते पुन्हा जागे होते. बूटलोडरच दूषित असेल, तर हा उपायही अपुरा आहे. संशयास्पद बॉक्स इंटरनेटपासून तोडणे हाच मग सुरक्षित मार्ग उरतो.

फर्मवेअर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. दुकानदाराने दिलेल्या पेन ड्राइव्हवरील प्रत म्हणजे मूळचाच धोका नव्या रूपात. केबल कंपनीने भाड्याने दिलेला सेट-टॉप बॉक्स कंपनीच्या मालकीचा असतो. त्यात फेरफार करू नये. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापर प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु सुस्थितीतील यंत्र कचऱ्यात जाऊ न देणे ग्राहकाच्याही हाती आहे. त्यासाठी एक एसडी कार्ड, योग्य फाईल आणि थोडा संयम पुरेसा ठरू शकतो.