यंत्र बुडालं, पैसे कोरडे

२७ जुलै २०१९ चा दिवस बदलापूरकर विसरलेले नाहीत. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली आणि बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली. हजारावर प्रवाशांना तिथून सोडवावं लागलं. नदीकाठच्या तळमजल्यांवर अशा पुरात काय काय भिजतं ते तिथल्या माणसांना सांगायला नको: गाद्या, धान्य, पोरांची वह्यापुस्तकं, फ्रिज, घराची कागदपत्रं.

समजा, अशाच एका घरात टेबलाच्या खणात पेनड्राइव्हएवढं एक हार्डवेअर वॉलेट होतं. पाणी ओसरलं, खण उघडला. यंत्राच्या काचेआड ओल दिसतेय, बटण दाबलं तरी पडदा काळाच. त्यात बारा वर्षांच्या बचतीतून घेतलेले बिटकॉइन होते. गेले का ते?

नाही गेले. आणि का नाही गेले, हे मला जेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. त्या यंत्रात पैसे नव्हतेच. कधीच नव्हते.

बिटकॉइनची सगळी नोंद जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेल्या एका खातेवहीत असते. कुठल्या पत्त्यावर किती रक्कम आहे ते तिथे कुणालाही वाचता येतं. यंत्रात असतो तो फक्त एक आकडा. ज्याच्याकडे तो आकडा, त्यालाच त्या पत्त्यावरची रक्कम हलवायची सही करता येते. रक्कम पाठवताना व्यवहार कॉम्प्युटरकडून यंत्रात जातो, आतल्या आत त्यावर सही होते आणि फक्त सही बाहेर येते. आकडा बाहेर येत नाही. यंत्राचं सगळं काम एवढंच.

हा आकडा केवढा असतो? एक नाणं घ्या आणि २५६ वेळा उडवा. छापा पडला तर १ लिहा, काटा पडला तर ०. तयार झाली ती रांग म्हणजे तो आकडा. नेहमीच्या पद्धतीने लिहायला गेलं तर ७८ अंकांपर्यंत जाईल. पृथ्वीवरचे सगळे कॉम्प्युटर एकत्र जुंपले तरी तो अंदाजाने हाती लागणार नाही. कुणी तो राखत बसलेलं नाही, कुठल्या बँकेच्या तळघरात तो नाही. तो फक्त शक्यतांच्या गर्दीत हरवलेला आहे आणि त्या हरवलेपणातच त्याची सुरक्षितता आहे.

पण ७८ अंक माणसाने उतरवून घ्यायचे कसे? एक अंक चुकला की संपलं. त्यावर २०१३ मध्ये एक तोड निघाली. २०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची एक ठरावीक यादी केली गेली, 'अबॅन्डन'पासून 'झू'पर्यंत. प्रत्येक शब्द म्हणजे नाण्याच्या ११ उड्या. असे २४ शब्द ओळीने लिहिले की सगळा आकडा कागदावर उतरतो. यादी इतक्या काळजीने केली आहे की पहिल्या चार अक्षरांवरूनच शब्द ओळखू यावा, दोन शब्दांची गल्लत होऊ नये.

खरी कमाल पुढे आहे. २४ गुणिले ११ म्हणजे २६४. आकड्याला लागतात २५६. उरलेल्या आठ जागा काय करतात? त्या बाकीच्यांवर पहारा ठेवतात. आधीच्या सगळ्या उड्यांवरून हिशेब करून त्या भरल्या जातात. त्यामुळे २३ शब्द ठरले की २४ वा शब्द २०४८ पैकी कुठलाही चालत नाही. फक्त आठच शब्द जुळतात. एखादा शब्द चुकीचा उतरवला असेल तर यंत्र बहुतेक वेळा तिथल्या तिथे नकार देतं. आणि एखादा शब्द पुसला गेला असेल, पण त्याची जागा माहीत असेल, तर सगळे २०४८ शब्द लावून पाहिल्यावर सरासरी आठच उमेदवार उरतात. कॉम्प्युटरला ते क्षणाचं काम. दोन शब्द गेले तर सोळा हजारांच्या आसपास उरतात, तेही जमतं. सात-आठ गेले की मात्र दार बंद.

इथे मला अंबरनाथचं शिवमंदिर आठवतं. शिलाहारांच्या काळातलं ते देऊळ इसवी सन १०६० चं, आणि ते कळलं तिथल्या शिलालेखातल्या शकावरून. एकोणिसाव्या शतकात तो शक आधी ७८२ असा वाचला गेला होता. मागाहून ९८२ ठरला. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षं मागे गेलं होतं! दगडावर खोदलेलंसुद्धा असं निसटतं. त्या लेखाला पहाऱ्याच्या आठ जागा असत्या तर पहिल्याच वाचनाला कुणीतरी म्हणालं असतं, थांबा, हिशेब जुळत नाही.

तर बदलापूरच्या त्या घरात पहिला प्रश्न यंत्राचा नाहीच. चोवीस शब्दांचा कागद कुठे आहे? तो वरच्या मजल्यावर कोरडा असेल तर घाई कसलीच नाही. नवं यंत्र आणायचं, दुसऱ्या कंपनीचं असलं तरी बहुतेक वेळा चालतं, त्यात शब्द घालायचे आणि तेच पत्ते जसेच्या तसे उगवतात. पण कागदही त्याच खणात भिजला असेल, तर मात्र ओलं यंत्र हीच शेवटची आशा. ते चार्जिंगला लावून पाहायचं नाही. पुराच्या पाण्यात क्षार असतात. त्यात वीज सोडली की बोर्डावरचं तांबं लवकरच हिरवं पडायला लागतं. तांदळाच्या डब्यात पुरूनही उपयोग नाही, तांदूळ क्षार ओढत नाहीत. पाणी लागलेला मोबाइल कारागीर जसा उघडून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रश मारून धुतो, सुकवतो आणि मगच वीज देतो, तेच इथे करायला लागतं.

मात्र यंत्र काम करेनासं झालं की ते बिघडलंच असं समजू नका. माझ्या स्वतःच्या यंत्राचं सांगतो. पडदा उजळायचा, पिन घ्यायचं, पण कॉम्प्युटरला ते दिसायचंच नाही. दोन संध्याकाळी मी सॉफ्टवेअर काढ-घाल करण्यात घालवल्या. तिसऱ्या दिवशी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मोबाइलच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने यंत्राकडे पाहिलंही नाही. माझी केबल बोटांत चोळली आणि म्हणाला, "ही चार्जिंगची आहे, डेटाची द्या यांना." घरी येऊन मी जुनी केबल ब्लेडने सोलली. आत दोनच तारा, लाल आणि काळी. नव्या केबलच्या जोडीची एक सोलली, तर चार: लाल, काळी, हिरवी, पांढरी. लाल-काळीतून वीज जाते, हिरव्या-पांढऱ्यातून बोलणं होतं. माझ्या यंत्राला जेवण मिळत होतं, पण त्याला बोलायला तोंडच नव्हतं. केसाएवढ्या त्या हिरव्या-पांढऱ्या तारा मी अजून एका पाकिटात ठेवल्या आहेत.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. पिन सलग चुकलं की यंत्र स्वतःला पुसून टाकतं, लेजर या ब्रँडचं तीन चुकांनंतर, ट्रेझर या ब्रँडचं त्याहून बऱ्याच जास्त चुकांनंतर. घाबरायचं कारण नाही, शब्द घातले की सगळं परत येतं. अपडेट अर्ध्यावर अडकलं तरी तेच. म्हणून अपडेटआधी शब्दांचा कागद डोळ्यांनी पाहून घ्यावा. शब्द घालूनही शिल्लक शून्य दिसली तर बहुधा आपण त्याच तिजोरीचा दुसरा कप्पा उघडलेला असतो. एकाच आकड्यातून हिशेबाच्या वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळे पत्ते निघतात, आणि जुन्या-नव्या सॉफ्टवेअरची वाट वेगळी असू शकते. कुणी पंचविसावा, स्वतःच्या मनाचा शब्द जोडून ठेवला असेल तर त्याच्याशिवाय तो कप्पा दिसतच नाही. आणि इंटरनेटवर "मदत करतो, शब्द सांगा" म्हणणारा भेटला तर तो चोर आहे, यात शंका नाही. शब्द फक्त यंत्राच्या बटणांनी घालायचे. मोबाइलमध्ये त्यांचा फोटोसुद्धा नको.

दुरुस्तीला यंत्र देतानाही हाच विचार हवा. २०२० मध्ये क्रॅकेन या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ट्रेझरचं यंत्र हातात मिळालं तर पंधरा मिनिटांत आतला आकडा काढता येतो. तशाच कमजोरीची दुसरी बाजूही आहे. जो ग्रँड नावाच्या अमेरिकी हार्डवेअर तज्ज्ञाने चिपच्या विजेला नेमक्या क्षणी झटका देऊन एका मालकाचं विसरलेलं पिन बाहेर काढलं, आणि अडकलेली सुमारे वीस लाख डॉलरची रक्कम सुटली. ही गोष्ट २०२२ मध्ये जगापुढे आली.

आता जे मला खरोखर अस्वस्थ करतं ते. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या वॉलेटवर एकाची सही पुरत नव्हती. कंपनीच्या तिघांनी आणि त्यावर कस्टडी सांभाळणाऱ्या लिमिनल या कंपनीने मान्यता दिली तरच रक्कम हलायची. कंपनीच्या माणसांकडे हार्डवेअर वॉलेट होती आणि ती बिघडलेली नव्हती. वझीरएक्सने सांगितलं की कॉम्प्युटरवर दिसत होतं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. दोष कुणाकडचा, यावर दोन्ही कंपन्यांचं एकमत झालं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजचे दीड अब्ज डॉलर जवळपास याच वाटेने गेले. अशा गुंतागुंतीच्या व्यवहारात यंत्राच्या इवल्या पडद्यावर अनेकदा पूर्ण तपशील उमटत नाही, नुसती अक्षरांची अर्थहीन माळ दिसते, आणि माणूस ती न वाचता बटण दाबतो.

शब्दांचा कागद कोरडा असेल तर बदलापूरचं बुडालेलं यंत्र कुणाचा एक पैसाही घालवत नाही. पैसे जातात ते ठणठणीत चालणाऱ्या यंत्रातून, न वाचलेल्या पडद्यावरून. तो पडदा दोन बोटं रुंद असतो. बिटकॉइनचा नव्या पद्धतीचा पत्ता बहुधा ४२ अक्षरांचा, म्हणून तो त्यावर तुकड्यातुकड्यांनी सरकतो. रक्कम पाठवायची असली की मी बायकोला शेजारी बसवतो. समोरच्याकडून फोनवर विचारून लिहून घेतलेला पत्ता तिच्या हातात असतो, यंत्र माझ्या. मी पडद्यावरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचतो, ती कागदावर पेन्सिलीची बारीक खूण करत जाते. बेचाळीस खुणा झाल्या की मान हलवते, तेव्हा मी दोन्ही बटणं एकदम दाबतो.