पाच प्रश्नांचा तक्ता

संपादकांनी एखाद्या यंत्राचा परिचय लिहून मागितला असता चाके, पट्टे आणि वाफ यांचा मोह आवरून मी जे यंत्र निवडले, ते कागदाच्या एका पानावर मावते, चालवावयास काही मिनिटे पुरतात, आणि तरीही व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या इसमाच्या पूर्वायुष्यात एखादा आघात दडून बसला आहे काय, याचा सुगावा लावण्याचे अवघड काम त्याजकडे सोपविलेले असते.

त्याचे दप्तरी नाव पीसी-पीटीएसडी-५. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या यातनांची दखल घेणे भाग पडल्यावर आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) १९८० साली मनोविकारांच्या अमेरिकन निदानसूचीत रुजू झाला. पुढे त्या सैनिकांच्या देशव्यापी पाहणीत विकारग्रस्त पुरुषांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जण आयुष्यात केव्हा ना केव्हा मद्याच्या आहारी गेल्याचे आढळले. १९८९ साली माजी सैनिकांच्या खात्यात या विकाराचे राष्ट्रीय केंद्र निघाले. अ‍ॅनाबेल प्रिन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली चार प्रश्नांचा तक्ता प्रसिद्ध केला, आणि २०१३ साली निदानसूची पालटल्यावर त्यात पाचव्याची भर पडली.

तक्त्याच्या तोंडाशी एक देवडी आहे. अपघात, आग, मारहाण, लैंगिक अत्याचार, युद्ध, पूर, भूकंप (लातूरकडच्या वाचकास १९९३ नंतर याचा अर्थ सांगावयास नको) यांसारखे काही वाट्यास आले काय, असे प्रथम विचारतात. ‘नाही’ म्हटले की चौकशी तेथेच बरखास्त. होकार देणाऱ्यास गेल्या महिन्याचा तपशील पुसतात: दुःस्वप्ने किंवा नको असता येणाऱ्या आठवणी, त्या टाळण्याची धडपड, सदैव सावध व दचकते राहणे, माणसांपासून तुटल्यासारखे होणे, आणि घडल्या गोष्टीबद्दल स्वतःस वा इतरांस दोष देत राहणे. प्रत्येक होकारास एक गुण. परंतु लहानपणी ज्यास बापाने पट्ट्याने फोडून काढले त्यास तो आघात वाटतच नाही, वळण वाटते. आणि जिचा नवरा शेजारच्या खुर्चीत बसला आहे ती मारहाणीस होकार देईल, ही अपेक्षा करणारा माणूस संसारात नवखा म्हणावा लागेल. म्हणून हे यंत्र खरे तर समुपदेशकाच्या धीरावर, आणि खोलीचे दार लावून घेण्याच्या त्याच्या सवयीवर चालते.

याहून हट्टी अडचण त्या एका महिन्याच्या मुदतीची आहे. तक्ता घडविला गेला सर्वसाधारण दवाखान्याकरिता. व्यसनमुक्तीसाठी आलेल्या रुग्णाचा गेला महिना मात्र दारूचा अंमल आणि ती तुटल्यावरचा थरकाप यांतच सरलेला असतो. अमलात असता दारू त्याची स्वप्ने दडपून टाकते, आणि ती सुटताच निद्रानाश, दचकणे, भयाण स्वप्ने अशी सारी लक्षणे आघाताच्या खुणांचा वेश घेऊन उभी राहतात. पाचव्या प्रश्नाचे तर विचारूच नये: बायकोचे दागिने विकून प्यालेल्या माणसास अपराधी वाटावयास युद्धावर जाऊन यावे लागत नाही. माजी सैनिकांच्या चाचणीत संशय धरण्यास चार गुणांची मर्यादा समतोल ठरली. ती तीनवर आणली तर निसटणारे कमी होतात, पण नाहक संशयितांची रांग वाढते.

आधी व्यसन सुटू द्या, जखमेचे मग पाहू, असा जुना शिरस्ता होता. जखम उघडली की रुग्ण पुन्हा बाटलीकडे वळेल, हे त्यामागचे भय. २०१२ साली सिडनीतील १०३ रुग्णांच्या चाचणीत दोहोंवर एकत्र उपचार केल्याने आघाताची लक्षणे अधिक उतरली आणि व्यसन बळावले नाही. तेव्हा विचारणे इष्टच. परंतु तक्ता निदान करीत नाही, केवळ संशय नोंदवितो, आणि त्याचा फैसला करणारी मुलाखत पाऊण तास ते तासभर चालते व तीस प्रशिक्षित माणूस लागतो. तो जेथे नेमलेलाच नाही, तेथे चार गुणांची नोंद फायलीत जाते. माझ्या मते दाखल होताना एकदा आणि थरकाप ओसरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा, असा दोनदा हा तक्ता भरून घ्यावा; मात्र दुसऱ्या खेपेपर्यंत पुष्कळ रुग्ण उपचार अर्धवट टाकून घरी गेलेले असतात.