मुक्कामाचे पॉइंट आणि घरखर्चाची वही

मैत्रिणींनो, बोहारीण दारात आली की आपण काय करतो? जुन्या साड्या, ह्यांच्या विटलेल्या पँटी, मुलांचे आखूड झालेले कपडे तिच्यापुढे टाकतो आणि तासभर घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं पदरात पाडून घेतो. वापरून झालेल्या वस्तूचाही मोबदला सोडायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग घरातल्या माणसाच्या हॉटेलमुक्कामाचं बिल मात्र आपण चुरगळून केराच्या टोपलीत कसं टाकतो?

मी कितीतरी वर्षं टाकत होते. आमच्या ह्यांची नोकरी फिरतीची. महिन्यातून दोन-तीन रात्री पुणे, नागपूर, कधी हैदराबाद. घरी आले की बॅग रिकामी करणं माझ्याकडे. मळके कपडे धुण्यात, साबणाच्या चिमुकल्या वड्या न्हाणीघरात आणि ऑफिसात खर्च मंजूर झाला की बिलं केरात. एकदा शाळेच्या मधल्या सुट्टीत सहज हा विषय निघाला, तर एक सहशिक्षिका म्हणाली, "अगं, मग पॉइंट कुणाच्या नावावर जमतात?" मी आपली वर्गातल्या मार्कांचा विचार करत बसले!

तेव्हापासून माझ्या घरखर्चाच्या वहीत एक जास्तीचं पान आहे. त्या पानावर जे शिकले, आणि जे गमावून शिकले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

हे पॉइंट म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या गिऱ्हाइकानं दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून वाणी जसा मुठभर शेंगदाणे जास्त घालतो, तशातलाच हा प्रकार. अमेरिकेत १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं विमानप्रवाशांसाठी अशी योजना काढली. तिचं पाहून १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलांनी आपापल्या योजना सुरू केल्या, १९८७ मध्ये हिल्टन आलं. मॅरियटच्या आजच्या योजनेचं नाव बॉनव्हॉय. ते २०१९ पासूनचं. आपल्याकडे टाटांची ताज, व्हिवांता, जिंजर ही हॉटेलं टाटा न्यूच्या योजनेत आहेत. तिथल्या एका न्यूकॉइनची किंमत सरळ एक रुपया. आयटीसीची क्लब आयटीसी आहे. नोव्होटेल आणि इबिस ही फ्रान्सच्या अकॉर कंपनीची हॉटेलं, त्यांचीही योजना आहे.

सभासद व्हायला पैसे पडत नाहीत. नाव, पत्ता, फोन आणि ईमेल दिला की एक क्रमांक मिळतो. मुक्काम केला की त्या क्रमांकावर पॉइंट जमतात आणि पुरेसे झाले की त्यांच्या बदल्यात खोली मिळते, किंवा बिलातून तेवढी रक्कम वजा होते.

आता हिशेब पाहू. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरमागे १० पॉइंट मिळतात. सोपं जावं म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरू. रात्रीचं भाडं जीएसटी सोडून ४,५०० रुपये असेल, तर ते झाले ५० डॉलर, म्हणजे ५०० पॉइंट. (करावर पॉइंट मिळत नाहीत, हे लक्षात असू द्या.) वर्षात अशा ३० रात्री झाल्या की १५,००० पॉइंट. एवढ्यात साधारण बऱ्यापैकी हॉटेलात एखादी रात्र निघते. अकॉरचा हिशेब आणखी सरळ आहे. नोव्होटेलमध्ये दर १० युरोला २५ पॉइंट, इबिसमध्ये त्याच्या निम्मे, आणि २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो. थोडक्यात, नोव्होटेलमध्ये शंभराला पाच रुपये परत, इबिसमध्ये अडीच.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच! म्हणूनच पहिला नियम वहीच्या त्या पानावर मी लाल शाईनं लिहिला आहे: पॉइंटसाठी मुक्काम करायचा नाही, होणारच असलेल्या मुक्कामाचे पॉइंट सोडायचे नाहीत. पाच रुपये परत मिळतात म्हणून शंभर रुपये खर्च करणारी बाई शहाणी नव्हे.

पॉइंट निसटतात कुठे?

पॉइंट जमवणं अवघड नाही, पण त्यांच्या गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा खोली ठरवताना. प्रवासाच्या मोठ्या वेबसाइटवरून किंवा एजंटकडून खोली घेतली तर बहुधा हॉटेलचे पॉइंट मिळत नाहीत. थेट हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, ॲपवरून किंवा फोनवरून घ्यावी. दोन्हीकडचे दर आधी पडताळून पाहा. सभासदांना हॉटेल स्वतःच थोडा कमी दर देतं. पण दुसरीकडे खरोखरच चांगले हजार रुपये वाचत असतील, तर पॉइंटवर पाणी सोडा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

दुसरी जागा काउंटर. खोली घेताना क्रमांक दिला असला तरी पोचल्यावर एकदा "माझा सभासद क्रमांक घातलाय ना?" असं विचारायला ह्यांना सांगून ठेवा. पुरुषमाणसांना असं विचारायची उगाच लाज वाटते. आमच्या ह्यांनाही वाटायची. मी क्रमांक कागदावर लिहून पाकिटात, रेल्वेच्या पासामागे घालून दिला, तेव्हा कुठे जमलं!

तिसरी जागा जेवण. हॉटेलच्याच उपाहारगृहात जेवलात तर बिल खोलीच्या खात्यावर लिहायला सांगा. बहुतेक मोठ्या हॉटेलांत त्यावरही पॉइंट मिळतात.

चौथी जागा कुटुंबाची सहल. दोन-तीन खोल्या लागतात, भाऊजी एक घेतात, आपण दुसरी घेतो, आणि पॉइंट कुणाच्याच नावावर लागत नाहीत. मॅरियटमध्ये सभासद स्वतः त्यातल्या एका खोलीत राहत असेल आणि बिल त्यानं भरलं असेल, तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट एकाच खात्यावर मिळतात. पैसे आपसात नंतर वाटून घ्या.

आणि पाचवी, सगळ्यांत मोठी जागा म्हणजे लग्नकार्य. हल्ली शहरात कार्य हॉटेलात करतात. मॅरियटमध्ये सभागृहाच्या नि जेवणावळीच्या खर्चावरही कार्य ठरवणाऱ्या सभासदाला डॉलरमागे २ पॉइंट मिळतात. पाच लाखांचं बिल झालं तर ११,००० च्या आसपास! मात्र करार करतानाच क्रमांक लिहून घ्यायचा. आमच्या घरातल्या एका लग्नात अक्षता पडल्या, मांडव उतरला, आणि मग मला आठवण झाली. आता बोलून काय उपयोग?

ऑफिसच्या मुक्कामाबद्दल एक सांगते. खर्च ऑफिसचा असला तरी राहणाऱ्याच्या नावावर पॉइंट घ्यायला पुष्कळ खाजगी कंपन्यांची हरकत नसते. पण काहींची असते, आणि सरकारी खात्यांचे नियम वेगळे. आधी विचारून घ्यावं. चार पॉइंटांसाठी माणसाच्या नोकरीवर डाग नको.

माझे ११,००० कुठे गेले

आता माझी फजिती.

माझी आई सत्तरीची. सारी हयात तिनं आल्यागेल्याच्या गाद्या घातल्या आणि गाद्या काढल्या. सुट्टीत आत्या, काका, त्यांची मुलं, गावाकडून दवाखान्यासाठी आलेले सोयरे. पण दुसऱ्या कुणी घातलेल्या अंथरुणावर ती झोपली ती फक्त बाळंतपणात. ह्यांचे पॉइंट जमायला लागल्यावर मी मनाशी ठरवलं, ह्यातून आईला समुद्रासमोरच्या खोलीत दोन दिवस न्यायचं.

वर्ष-सव्वा वर्षात ११,००० झाले. एका रात्रीला १२,००० लागत होते. म्हटलं, थांबू, दोन रात्रींचे होऊ देत, म्हणजे निवांत जाता येईल. तेवढ्यात ह्यांची फिरती बंद होऊन त्यांना टेबलाचं काम मिळालं. आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, मग घरी आणणं, मालिश, काठी घेऊन चालायला शिकवणं, आणि दुपारची माझी शाळा. पॉइंटांची आठवण कुणाला राहते? आई हिंडूफिरू लागली तेव्हा मोठ्या हौसेनं खातं उघडलं, तर तिथे भोपळा! बारा महिन्यांत खात्यावर काहीच हालचाल नाही म्हणून सगळे पॉइंट रद्द. नियमात ते लिहिलेलं होतं. ईमेलही आला होता म्हणे, पण तो ह्यांच्या नावावर. शंभर जाहिरातींखाली पडून राहिला. हॉटेलवाल्यांनी नम्रपणे दिलगिरी कळवली. पॉइंट काही परत मिळाले नाहीत.

त्या दिवशी मला आईपेक्षा स्वतःचाच राग आला होता. थांबले कशाला मी? एक रात्र तर एक रात्र. हजार पॉइंट कमी पडत होते, तेवढे विकत घेण्याचीही सोय असते. मी मात्र पॉइंट सोन्यासारखे साठवायला गेले. सोनं ठेवलं तर भाव वाढतो. पॉइंट दुधासारखे आहेत, ठेवले की नासतात. हॉटेलं खोलीसाठी लागणारे पॉइंट वाढवत राहतात. मॅरियटनं तर २०२२ पासून पॉइंटांचा ठरीव तक्ताच काढून टाकला, आता ते मागणीप्रमाणे बदलतात.

म्हणून वहीच्या पानावर प्रत्येक खात्यापुढे मुदतीची तारीख लिहा. मॅरियट आणि हिल्टनमध्ये २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात. हॉलिडे इन ज्या आयएचजी कंपनीचं, तिथे साध्या सभासदांना १२ महिने, अकॉरमध्ये ३६५ दिवस. मुदत जवळ आली आणि मुक्काम होण्यासारखा नसेल, तर बहुतेक योजनांत थोडेसे पॉइंट विकत घेतले तरी खातं जिवंत राहतं. प्रत्येकाचा नियम वेगळा, तेवढा वाचून घ्या.

दुसरं, खातं ह्यांच्या नावावर असलं तरी ईमेल तुम्ही वाचता तोच द्या. शिवाय स्वतःच्या नावाचंही एक खातं उघडा. मॅरियटमध्ये एका सभासदाला वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट दुसऱ्याच्या खात्यावर फुकट पाठवता येतात. हिल्टनमध्ये घरातल्या माणसांचे पॉइंट एकत्र करता येतात. घरच्यांच्या मुक्कामाची व्यवस्था आपणच करतो ना? मग त्याची किल्ली आपल्या कमरेला असू दे.

कार्डाचा मोह

बँकेचं क्रेडिट कार्ड वापरूनही हे पॉइंट मिळतात. एचडीएफसी बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये मॅरियटचं कार्ड काढलं. तेव्हा त्याची वार्षिक फी कर सोडून ३,००० रुपये होती आणि इतर साध्या खर्चावर दर १५० रुपयांना २ पॉइंट होते. म्हणजे महिन्याला २०,००० चा किराणा, वीज, कपडेलत्ते केलं तर २६६ पॉइंट. कार्डाबरोबर वर्षाला एक रात्र मिळते. ती खरोखर वापरणार असाल तर फी वसूल होते. नाही तर ते कार्ड आपल्याला पोसत नाही, आपण त्याला पोसतो.

आणि बिल थकवलंत तर? महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. २०,००० वर एका महिन्याचे ७०० रुपये. २६६ पॉइंटांसाठी ७०० रुपये मोजायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! दर महिन्याला पूर्ण बिल भरण्याची शिस्त ज्या घरात आहे, त्यांनीच ह्या वाटेला जावं. त्यापेक्षा बिगबास्केटचा किराणा टाटा न्यूवरून मागवणाऱ्यांना न्यूकॉइन आपसूक जमतात आणि ते हॉटेलात चालतात, ही वाट सोपी.

शेवटी काय झालं

ह्यांची फिरती पुन्हा सुरू झाली. ह्या खेपेला मी पान दर महिन्याला लिहिलं आणि एका रात्रीपुरते पॉइंट होताच थांबले नाही. एक रात्र पॉइंटवर, एक रात्र पैसे देऊन, असे दोन दिवस आम्ही आईला गोव्याला घेऊन गेलो. पॉइंटवर खोली घेतली तरी जेवण, चहा, टॅक्सी ह्यांचे पैसे मोजावेच लागतात. तेवढी भिशीची रक्कम मी बाजूला ठेवली होती.

आई खिडकीशी खुर्ची ओढून समुद्राकडे बघत बसली. फारसं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले, तर काठी भिंतीला टेकवून बाईसाहेब पलंगाची चादर ताणून घड्या मोडत होत्या!

"अगं आई, ते करायला माणूस येतो इथे."

"येऊ दे की," ती म्हणाली. "आपल्या हातचा पसारा दुसऱ्यानं का बघायचा?"

मैत्रिणींनो, तेवढ्या एका सकाळसाठी माझ्या वहीचं ते पान सार्थकी लागलं. आज रात्री भांडी आवरून झाली की ह्यांची बॅग एकदा उघडून बघा. तळाशी बिल सापडेलच. ते केरात टाकू नका.